राहिलेलं कडवं

'टू मच लव्ह विल किल यू' लागलं की गप्प होणारी माणसं माझ्या ओळखीत बरीच आहेत. क्वीन या इंग्लिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी एड्सने गेला, गाण्याचं नाव हे असं, आणि तो गातोही असा की प्रत्येक ओळ त्याच्यावर गुदरलेली असावी. ऐकणाऱ्याने सरळ संबंध जोडला तर त्याला काय बोल लावणार? पण हे गाणं फ्रेडीचं नाही, ब्रायन मेचं आहे. क्वीनचा हा उंच, कुरळ्या केसांचा गिटारवाला ऐंशीच्या दशकाच्या शेवटी स्वतःच्या मोडत चाललेल्या संसारात अडकला होता. त्या कोंडीवर त्याने फ्रँक मस्कर आणि एलिझाबेथ लॅमर्स यांच्यासोबत बसून हे गाणं लिहिलं. १९८९च्या 'द मिरॅकल' या अल्बमसाठी फ्रेडीने ते गायलंही, पण बाहेरच्या दोघांच्या हक्कांचा प्रश्न सुटेना म्हणून ते बाजूला पडलं. लोकांपर्यंत फ्रेडीच्या आवाजात ते पोचलं १९९५ साली, 'मेड इन हेवन'मध्ये. तेव्हा फ्रेडीला जाऊन चार वर्षं होत आली होती आणि एका घटस्फोटाचं गाणं एका मरणाचं गाणं होऊन बसलं होतं.

क्वीनच्या शेवटच्या काळातल्या गाण्यांकडे मी पुन्हा पुन्हा जातो ते यासाठी. जग ती गाणी फ्रेडीचं मृत्युपत्र म्हणून ऐकतं. 'द शो मस्ट गो ऑन' हा त्याचा निर्धार, 'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' हा त्याचा निरोप, 'मदर लव्ह' ही त्याची शेवटची हाक. कुणी काय लिहिलं याची चौकशी करायला गेलं की चित्र वेगळं दिसतं. पहिल्याचे शब्द मुख्यतः ब्रायनचे. दुसरं ड्रमर रॉजर टेलरचं, आणि लिहिताना त्याच्या मनात होती ती स्वतःची मुलं. तिसऱ्यात ब्रायन आणि फ्रेडी दोघं. मृत्युपत्र आहे, नाही असं नाही. पण त्यातला मजकूर बराचसा मित्रांच्या हातचा आहे.

खरं तर आपल्याकडच्या श्रोत्याला याचं नवल वाटायला नको. 'गीतरामायणा'त शब्द माडगूळकरांचे आणि चाली बाबूजींच्या, हे घराघरांत ठाऊक होतं. भीमसेनांच्या गळ्यातून तुकोबा ऐकताना ही तळमळ नेमकी कुणाची, असं कुणी विचारत बसत नाही. रॉकमध्ये मात्र साठच्या दशकापासून एक दंडक बसला : जो गातो त्याचंच ते दुःख. स्वतः लिही, स्वतः वाजव, स्वतः भोग. इंग्रजी गाणी ऐकायला लागलो तेव्हा आम्हीही तो दंडक नकळत उचलला, आणि आपल्या कानाला असलेली जुनी सवय विसरलो.

गोंधळात भर घातली ती क्वीननेच. सुरुवातीची दीड दशकं प्रत्येक गाण्याखाली लिहिणाऱ्याचं नाव असे. चौघेही लिहीत, आणि चौघांनीही जगभर गाजलेली गाणी दिली : 'वी आर द चॅम्पियन्स' फ्रेडीचं, 'वी विल रॉक यू' ब्रायनचं, 'रेडिओ गा गा' रॉजरचं, 'अनदर वन बाइट्स द डस्ट' बेस वाजवणाऱ्या अबोल जॉन डीकनचं. नावाबरोबर पैसा येतो आणि पैशाबरोबर भांडणं. १९७५ साली 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची तबकडी निघाली तेव्हा तिच्या मागच्या बाजूला रॉजरचं मोटारीवरचं गाणं होतं. ते तिथे घ्यावं म्हणून रॉजर कपाटात जाऊन बसला होता, असा किस्सा सांगतात. हट्ट उगाच नव्हता. तबकडी विकली गेली की दोन्ही बाजूंना मानधन सारखंच. लोक कुठली बाजू ऐकतात याच्याशी हिशेबाचा संबंध नाही.

'द मिरॅकल'पासून चौघांनी हे सगळं मोडीत काढलं. कुणीही लिहो, खाली नाव एकच : क्वीन. अल्बमच्या मुखपृष्ठावरही चौघांचे चेहरे एकात एक वितळवून टाकलेले आहेत. नव्वदच्या दशकात पुण्यात घेतलेली 'इन्युएंडो' या पुढच्या अल्बमची कॅसेट माझ्याकडे अजून आहे. तिच्या आतल्या घडीच्या कागदावर गीतकार शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. त्यामुळे कॅसेट ऐकणाऱ्या आम्हा सगळ्यांना सगळेच शब्द फ्रेडीचे वाटले.

हा निर्णय कधी झाला ते बघा. ९ ऑगस्ट १९८६ला इंग्लंडमध्ये नेबवर्थच्या मैदानात लाखाहून अधिक लोकांसमोर क्वीनचा कार्यक्रम झाला. फ्रेडीसह तो शेवटचा ठरेल हे त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी त्याच्या आजाराचं निदान झालं आणि दौरे थांबले. रंगमंचावर तो दिसला तो अगदी थोडा : १९८८मध्ये बार्सिलोनाला मोन्सेरात काबाये या ऑपेरा-गायिकेसोबत, आणि १९९०च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये ब्रिट पुरस्कार घ्यायला. त्या पुरस्काराचं चित्रण आजही बघायला मिळतं. भाषण ब्रायन करतो. गालफडं बसलेला फ्रेडी मागे उभा आहे, आणि जाता जाता माइकमध्ये आभाराचे नि निरोपाचे दोन शब्द बोलतो. वर्तमानपत्रं त्याच्या दारात तळ ठोकून होती. अशा माणसाला काम करायला उरली ती एकच जागा, स्टुडिओ.

तोही लंडनपासून दूर. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या काठी माँत्रो नावाचं गाव आहे. तिथल्या कसिनोतला माउंटन स्टुडिओ क्वीनने १९७९मध्ये विकतच घेतला होता. रॉक ऐकणाऱ्यांना हा कसिनो दुसऱ्या कारणाने माहीत असतो : १९७१च्या डिसेंबरात फ्रँक झप्पाच्या कार्यक्रमात त्याला आग लागली, सरोवरावर धूर पसरला आणि डीप पर्पल या बँडला 'स्मोक ऑन द वॉटर' हे गाणं सापडलं. पुन्हा बांधलेल्या इमारतीत हा स्टुडिओ आला. १९८१मध्ये गायक डेव्हिड बोवी तिथे डोकावला आणि 'अंडर प्रेशर' हे गाणं होऊन बसलं. म्हणजे जागेला इतिहास होता. पण फ्रेडीला सुरुवातीला हे गाव फारसं रुचलं नव्हतं म्हणतात. त्याला म्युनिक, न्यूयॉर्क, रात्रीची जाग लागायची. शेवटी जे हवंसं वाटलं ते नेमकं गावाचं सामसूम असणं. तिथे त्याचा कुणी पाठलाग करत नसे. तब्येत बरी असेल त्या दिवशी स्टुडिओत यायचं, दोन-चार तास गायचं, थकलं की घरी जायचं. डेव्हिड रिचर्ड्स हा ध्वनिमुद्रक यंत्रं तयार ठेवून असे.

'द शो मस्ट गो ऑन'ची गोष्ट ब्रायनने अनेकदा सांगितली आहे. सुरुवात रॉजर आणि जॉन यांच्यापासून. दोघं एक स्वरमालिका वाजवत बसले होते, ती ब्रायनच्या कानांत अडकली. मग तो आणि फ्रेडी बोलायला बसले : हसू टिकवून धरणारा एक विदूषक, आतून कोसळत चाललेला. पहिल्या काही ओळी दोघांनी मिळून केल्या, बाकीच्या ब्रायनने लिहिल्या. हे कुणाबद्दल चाललंय यावर दोघांत चकार शब्द नाही. दोघांना ठाऊक, आणि आपल्याला ठाऊक आहे हे समोरच्याला ठाऊक आहे हेही ठाऊक. चाल इतकी वर जाते की नमुना म्हणून गाताना ब्रायनला खोट्या आवाजाचा आधार घ्यावा लागला. हे तुला जमेल का, असं त्याने भीत भीत विचारलं. फ्रेडीला तेव्हा धड चालवत नव्हतं. त्याने व्होडकाचा एक घोट मारला, एक सणसणीत शिवी घालून 'करतो मी, डार्लिंग' म्हणाला आणि गाऊन मोकळा झाला.

किस्सा इतका नेटका आहे की मला अशा किश्शांचा संशय येतो. पण ध्वनिमुद्रण ऐकलं की संशय धरून ठेवता येत नाही. गाणं सुरू होतं ते सिंथेसायझरच्या चढत्या-उतरत्या सुरांनी, आणि आवाज येतो तो मधल्या सप्तकात, दाबून धरलेला. मग मध्येच षड्ज बदलावा तशी सगळी चाल वर सरकते. सत्तरच्या दशकातला फ्रेडी अशा ठिकाणी स्वतःच्याच आवाजाचे थर चढवायचा. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या ऑपेरा भागात तर तिघांचे आवाज एकावर एक इतके चढवले की टेप यंत्रातून पुन्हा पुन्हा फिरून झिजली, तिच्यातून आरपार दिसायला लागलं, असं ब्रायन सांगतो. इथे मात्र सगळ्यांत अवघड जागी तो एकटा पुढे आहे आणि कोरस त्याच्या मागे. दमसास संपत आलाय असं कुठेही ऐकू येत नाही. मरणाच्या दारातला माणूस गातोय म्हणून हे गाणं मोठं, असं मला कधीच वाटलं नाही. धडधाकट माणसालाही ते असं गाता येईल का, याची शंका आहे.

मराठी माणसाला इथे बालगंधर्व आठवणारच. १९११ साली 'मानापमान'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच त्यांची मुलगी गेली आणि संध्याकाळी ते भामिनी म्हणून उभे राहिले. आपल्याकडे ही गोष्ट रंगभूमीवरच्या निष्ठेचा दाखला म्हणून सांगतात. फरक एवढाच, की बालगंधर्वांना भामिनी होता आलं. नाटकातल्या मजकुरात त्यांच्या घरातलं काही नव्हतं, त्यामुळे त्या तीन-चार तासांपुरता का होईना, आडोसा होता. फ्रेडीला ब्रायनने जो कागद दिला त्यात आडोसा काढून घेतला होता, तोही विदूषकाचा मुखवटा पुढे करून. हे देणाऱ्याचं धाडस मला गाणाऱ्याच्या धाडसाहून तसूभरही कमी वाटत नाही. वीस वर्षं जुन्या मित्राला तू मरतो आहेस असं जेवणाच्या टेबलावर कोण सांगणार? इंग्रज माणूस तर नाहीच सांगणार. ते ब्रायनने यमकात बसवून त्याच्यासमोर ठेवलं, आणि फ्रेडीने ते वाचून एवढंच म्हटलं की मी गातो.

मग फ्रेडी स्वतः काय लिहीत होता? हा भाग मला सगळ्यांत आवडतो.

तो मांजरीवर लिहीत होता. 'इन्युएंडो'मध्ये 'डिलायला' नावाचं गाणं आहे, ते त्याच्या लाडक्या मांजरीचं. ती खुर्च्या खराब करते, नाकात दम आणते आणि तरी किती गोड, असा एकूण मामला. ब्रायनने गिटारला टॉक बॉक्सची, म्हणजे तोंडाने सूर वळवायची, नळी जोडून म्याव म्याव वाजवलं. रॉजरला हे गाणं अजिबात आवडत नाही आणि त्याने ते कधी लपवलेलं नाही. टीकाकारांनीही नाकं मुरडली : अल्बमचा गंभीर सूर बिघडतो म्हणे. मी त्या बाजूचा नाही. ज्याच्या हातात मोजके महिने आहेत त्याने मांजरीसाठी गाणं करायचं नाही तर कुणी करायचं?

तो वेडेपणावर लिहीत होता. 'आय अ‍ॅम गोइंग स्लाइटली मॅड'मध्ये डोकं हळूहळू सुटत चालल्याच्या एकाहून एक अतरंगी उपमा आहेत, रात्रभर मित्राबरोबर हसत हसत जुळवलेल्या. १९९१च्या फेब्रुवारीत त्याचं चित्रण झालं. ब्रायन पेंग्विनच्या वेषात, रॉजर डोक्यावर किटली घेऊन तीनचाकी सायकलवर, आणि फ्रेडी पिंजारलेले केस, पांढरा फटक रंग फासलेला चेहरा आणि सुटाच्या आत जाडी दिसावी म्हणून जादा कपडे घालून. मेकअपचा जाड थर त्या भूमिकेला शोभत होता, म्हणून तो कशासाठी आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. लपण्यासाठी इतकी हास्यास्पद जागा निवडणं हे अस्सल त्याचं. शीर्षकगीत 'इन्युएंडो' मात्र वेगळ्याच जातीचं, साडेसहा मिनिटांचं, मध्येच स्पॅनिश गिटारीच्या अंगणात शिरणारं. यस या बँडचा स्टीव्ह हाउ ओळखीने स्टुडिओत आला होता, त्यालाच गिटार हातात देऊन वाजवायला बसवलं. ते गाणं इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यातले शब्द फ्रेडीने सुरू केले आणि रॉजरने पुरे केले.

मागे वळून हिशेब मांडणारं एक गाणं त्याने लिहिलंय, नाही असं नाही. 'द मिरॅकल'च्या शेवटी येणारं 'वॉज इट ऑल वर्थ इट'. पण त्यातला सूर ताठ मानेचा, थोडा फुशारकीचाच आहे. करुणा भाकणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याची माँत्रोतली अगदी शेवटची स्वतंत्र रचना म्हणजे 'अ विंटर्स टेल'. सरोवर, पक्षी, धुराडी, बर्फ, लाल होत जाणारं आकाश, आणि हे सगळं खरं आहे की स्वप्न असं पुन्हा पुन्हा विचारणं. बस, एवढंच. त्यात मरण शोधायचं ठरवलं तर सापडेल, पण मला सापडतो तो खिडकीशी बसून समोर दिसतंय ते टिपणारा माणूस. सूर लागण्याआधी तो जिथे श्वास घेतो तिथे मी दर वेळी कान टवकारतो.

रॉजरच्या 'दीज आर द डेज'चं चित्रण ३० मे १९९१चं. कॅमेऱ्यासमोर फ्रेडी उभा राहिला तो ही शेवटची वेळ. ब्रायन त्या दिवशी नव्हता, त्याला नंतर चित्रित करून जोडलं. अंगात मांजरींची चित्रं असलेलं जाकीट, फारशी हालचाल नाही, पाय उचलणं म्हणजे यातना. शेवटी कॅमेऱ्यात बघून तो प्रेमाचा एक वाक्यांश कुजबुजतो. त्या दोन-तीन सेकंदांवर जगाने इतकं लिहिलंय की मी भर घालत नाही. एवढंच सांगतो की हे गाणं लिहिणारा माणूस बापपणाबद्दल लिहीत होता, आणि फ्रेडीला मूलबाळ नव्हतं. तरी आज ते शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडी कल्पून बघवत नाहीत.

आता 'मदर लव्ह'.

आमचं मूळ गाव वाई. पसरणीचा घाट चढून वर गेलं की पाचगणी, आणि पाचगणीत सेंट पीटर्स शाळा. फारोख बलसारा झांझिबारहून तिथे आला तेव्हा आठेक वर्षांचा होता. आईबाप समुद्रापलीकडे, सुट्टीत मुंबईच्या नातेवाइकांकडे. तिथेच तो पियानो शिकला, तिथेच पोरांनी त्याला फ्रेडी म्हणायला सुरुवात केली, तिथेच 'द हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये वाजवू लागला. १९६४मध्ये झांझिबारमध्ये उठाव झाला आणि कुटुंब इंग्लंडला गेलं. आमच्या भागातल्या माणसाला त्यामुळे 'मदर लव्ह' ऐकताना एक सोपी वाट समोर दिसते : वसतिगृहात आईवाचून वाढलेलं पोर, आणि पंचेचाळिशीत मरताना आईच्या कुशीत परत जाऊ पाहणारं हे गाणं. टेबललँडवरचा वारा, धुकं, सगळं आपोआप जुळून येतं. मी स्वतःही मनात त्या वाटेने बरंच चाललोय. अडचण अशी की त्या गाण्याचे शब्द बरेचसे ब्रायनने कागदाच्या कपट्यांवर लिहून त्याच्या हातात दिले होते. पाचगणीचं धुकं ब्रायनने बघितलेलं नव्हतं.

हे घडलं १९९१च्या मे महिन्यात, माँत्रोत. फ्रेडीने मित्रांना सांगितलं होतं, मला लिहून देत राहा, काहीही द्या, मी गातो. नंतर त्याचं काय करायचं ते तुम्ही बघा. पुढे मागे वाद्यं भरता येतील म्हणून साधं ड्रम मशीन लावून गाणं ध्वनिमुद्रित होत होतं. ब्रायन चार ओळी लिहायचा, फ्रेडी माइकसमोर जाऊन त्या गायचा, तोवर पुढच्या तयार. प्रत्येक तुकडा दोन-तीनदा, की झालं. सुरुवात खर्जात आहे. इतक्या खालच्या जागी, इतक्या कोरड्या आवाजात तो आधी क्वचितच गायलाय. मधल्या भागाशी आल्यावर त्यालाच ते पटेना. इथे चाल वर गेली पाहिजे, वजन आलं पाहिजे, असं म्हणून त्याने पुन्हा व्होडका घेतली आणि पायांत बळ नसताना उभं राहून ती जागा घेतली. दोन कडवी झाली. तिसऱ्याशी आला तेव्हा म्हणाला, आता थकलो, जरा विश्रांती घेतो, परत येऊन पुरं करू.

तो परत आला नाही. १४ ऑक्टोबरला 'द शो मस्ट गो ऑन' एकल तबकडी म्हणून निघालं, चित्रफितीसाठी जुने तुकडे जोडावे लागले. २३ नोव्हेंबरला त्याने आजाराबद्दल निवेदन काढलं आणि २४ला संध्याकाळी केन्सिंग्टनच्या घरी तो गेला. अंत्यविधी पारशी पद्धतीने झाले. आयुष्यभर ज्या नावाने तो जगला ते त्याने स्वतः घेतलेलं होतं. मंत्र मात्र बलसारांचे.

'मदर लव्ह'चं तिसरं कडवं मग ब्रायन गायला. 'मेड इन हेवन' ऐकताना ही जागा कळते : आवाज एकदम पातळ होतो, थोडा कापरा, गायक नसलेल्या माणसाचा. तंत्राच्या जोरावर तिथे काही लपवाछपवी करता आली असती. ती केली नाही, यासाठी मी या अल्बमचे बाकीचे गुन्हे माफ करायला तयार आहे.

गुन्हे आहेतच. 'मेड इन हेवन' हा तुकड्यांचा अल्बम आहे : १९८०चा पियानोवरचा एक चाळा, १९८५च्या फ्रेडीच्या स्वतंत्र अल्बममधली दोन गाणी पुन्हा सजवून, रॉजरच्या दुसऱ्या बँडसाठी गायलेलं एक गाणं, माँत्रोतले शेवटचे तीन. 'यू डोन्ट फूल मी' तर डेव्हिड रिचर्ड्सने फ्रेडीच्या सुट्या ओळींतून जवळजवळ शून्यातून उभं केलं. ऐकायला झकास, नाचायला आणखी झकास. पण फ्रेडीच्या डोक्यात असं काही गाणं होतं का, हा प्रश्न विचारायचा नाही. आणि 'मदर लव्ह'च्या शेवटी वेंबलीच्या गर्दीचा आवाज, जुन्या गाण्यांचे वेगाने पळणारे तुकडे, सत्तरच्या दशकातला कोवळा फ्रेडी आणि सगळ्यात शेवटी लहान बाळाचं रडणं, हे मला नेहमीच जरा जास्त होतं. ब्रायनच्या कापऱ्या कडव्यानंतर गाणं तिथेच संपायला हवं होतं. २०२२मध्ये 'द मिरॅकल'च्या वेळचं अर्धवट 'फेस इट अलोन' बाहेर काढलं, तेव्हा माझा पवित्रा आधीपासूनच साशंक होता. ते मात्र उघडंवाघडं, कमी वाद्यांचं ठेवलंय, आणि म्हणून टिकतं.

जानेवारी १९९७मध्ये पॅरिसला मोरिस बेजार या नृत्यरचनाकाराच्या बॅलेचा प्रयोग झाला. बेजारची मंडळी लोझानची, म्हणजे त्याच सरोवराच्या काठची. फ्रेडी आणि बेजारचा लाडका नर्तक होर्हे डॉन, दोघंही पंचेचाळिसाव्या वर्षी एड्सने गेलेले, यांच्यासाठी ही बॅले होती. शेवटी उरलेले तिघं मंचावर आले आणि एल्टन जॉनने 'द शो मस्ट गो ऑन' गायलं. एल्टन उत्तम गायक आहे आणि त्याने ते प्रामाणिकपणे निभावलं. तरी ते त्या रात्री पहिल्यांदाच नुसतं गाणं वाटलं असणार, नाटकवाल्यांचा जयघोष वगैरे.

त्याच वर्षी तिघांनी मिळून एक गाणं केलं, 'नो-वन बट यू'. फ्रेडीवरचं, उघड उघड त्याच्यावरचं. त्यात त्याचा आवाज कुठेच नाही. काही भाग ब्रायन गातो, काही रॉजर. 'इन्युएंडो'च्या वेळी त्याच्यापुढे कागद सरकवून जे म्हटलं होतं, ते आता दोघं स्वतःच्या तोंडाने म्हणतात. शब्द वाईट नाहीत, चालही बरी आहे, पियानो तर सुरेखच. मी ते दोन-चारदा ऐकून सोडून दिलं. ब्रायन आणि रॉजर पुढे दुसरे गायक घेऊन फिरू लागले, अनेक वर्षं फिरत राहिले. जॉन डीकन नाही फिरला. फ्रेडीशिवाय पुढे चालवण्यात अर्थ नाही असं त्याचं मत होतं, ते त्याने बदललं नाही. पॅरिसच्या त्या प्रयोगानंतर तो क्वीनबरोबर मंचावर कधी आला नाही, आणि 'नो-वन बट यू'मधला बेस हे त्याचं बँडबरोबरचं शेवटचं वाजवणं ठरलं.